पुण्याचं ‘पण’ आणि पाचशेचे पन्नास पैसे: टेक्स्टबॉक्सवरचा पहारा नेमका कुठे चुकतो

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. सी शार्प आणि विनफॉर्म्समध्ये (विंडोजच्या खिडक्या-चौकटी बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनपेटीत) केलेला डेस्कटॉप प्रोग्राम आहे. रकमेच्या चौकटीत फक्त आकडे यावेत, नावाच्या चौकटीत फक्त अक्षरं यावीत, म्हणून तुम्ही टेक्स्टबॉक्सच्या, म्हणजे टाइप करायच्या चौकटीच्या, कीप्रेस इव्हेंटवर (कळ दाबली की मिळणाऱ्या सूचनेवर) पहारा बसवलाय. तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत चालतं. गिऱ्हाइकाकडे गेलं की कधी रकमेत अक्षरं शिरतात, कधी बरोबर दिसणारा आकडा सेव्ह करताना प्रोग्राम आपटतो, कधी नावातल्या काना-मात्रा गळून पडतात. तुम्ही जाऊन एक अट वाढवता. दोन महिन्यांनी तोच फोन परत येतो.

माझ्याकडे तो पहिल्यांदा आला एका पतसंस्थेतून. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, “दादा, पुण्याचं पण झालंय बघा.” मला वाटलं, ‘पण’ म्हणून त्या पुढे काही सांगणार आहेत, म्हणून मी थांबलो. त्याही थांबल्या. मग उलगडलं की गावाच्या चौकटीत ‘पुणे’ टाइप केलं की ‘पण’ उमटतंय. कोल्हापूरचं ‘कलहपर’ झालं होतं आणि नाशिकचं ‘नशक’.

चूक माझीच होती. गावाच्या चौकटीत मी इझलेटर ही तपासणी लावली होती: आलेला वर्ण अक्षर असेल तर आत, नसेल तर बाहेर. इंग्रजीत चाचणी केली, पास झाली. पण युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांतल्या वर्णांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या) लेखी मराठीतला ‘प’ अक्षर आहे आणि उकार अक्षर नाही. काना, वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त ही सगळी ‘जोडचिन्हं’ या वर्गात मोडतात. त्यांचे पुन्हा दोन पोटवर्ग आहेत: जागा घेणारी, म्हणजे काना, वेलांटी, विसर्ग, आणि जागा न घेणारी, म्हणजे उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त. इझलेटर या दोन्हींना ‘नाही’ म्हणतं. त्यामुळे ‘पुणे’मधले उकार आणि मात्रा दारावरच अडले आणि ‘पण’ तेवढा आत गेला.

गंमत अशी की सी शार्प स्वतः याबाबतीत आपल्यापेक्षा समंजस आहे. व्हेरिएबलच्या नावात ही जोडचिन्हं चालतात, असं भाषेच्या नियमातच लिहिलंय. म्हणून ‘रक्कम’ नावाचं व्हेरिएबल हलन्तासकट बिनतक्रार कंपाइल होतं. कंपायलर जे स्वीकारतो ते आपला टेक्स्टबॉक्स नाकारत होता.

जावावाल्यांनी इथे हसू नये. स्विंगमध्ये, म्हणजे जावाच्या खिडक्यांच्या साधनपेटीत, कॅरेक्टर वर्गाचं इझलेटर लावलंत तर तेच होतं. कोणीतरी सुचवतं म्हणून इझअल्फाबेटिक लावलं तर काना-मात्रा वाचतात, हलन्त मात्र तरीही जातो. कोल्हापूरचं ‘कोलहापूर’ होतं. ही चूक जास्त वाईट, कारण पटकन डोळ्यात भरत नाही.

दुरुस्ती करायचीच असेल तर इझलेटरऐवजी वर्णाचा वर्ग सांगणारं गेटयुनिकोडकॅटेगरी वापरा. अक्षरांबरोबर जोडचिन्हांचे ते दोन पोटवर्ग चालू द्या आणि दोन अदृश्य वर्णही सोडा: जोडणारा, क्रमांक ८२०५, आणि तोडणारा, क्रमांक ८२०४. ‘ऱ्या’ लिहिताना काही जण र, हलन्त आणि जोडणारा अशा क्रमाने लिहितात. तो अडवलात तर ‘दऱ्या’ची ‘दर्या’ होते. शिवाय जागा, टिंब, आडवी रेघ हेही हवंच. इतकं सगळं सोडल्यावर प्रश्न पडतो की मग अडवायचं तरी काय. मी शेवटी नाव आणि गाव या चौकटींवरची चाळण काढूनच टाकली. सेव्ह करताना पुढची-मागची जागा छाटतो, मधे ओळ तोडणारा वर्ण आला असेल तर तिथे साधी जागा टाकतो, बस. नावात चुकून एखादा आकडा आला तर तो माणसाला दिसतो नि तो दुरुस्त करतो. नावातून गळलेला उकार पासबुक छापून होईपर्यंत कोणाला दिसत नाही.

आता रकमेची चौकट. इथे चाळण काढून चालत नाही, आणि खरी मारामारी इथेच आहे.

आपण सगळे जे करतो ते असं: कीप्रेसमध्ये इझडिजिट विचारायचं, आकडा नसेल तर हँडल्ड खरं करायचं, म्हणजे ती कळ गिळली जाते. हे पहिल्यांदा चालवलं की बॅकस्पेस बंद पडतं, कारण बॅकस्पेससुद्धा कीप्रेसमध्ये ८ क्रमांकाचा वर्ण म्हणून येतं. मग आपण इझकंट्रोल जोडतो. तेवढ्यात कंट्रोल-व्ही उघडतं, कारण ते २२ क्रमांकाचा नियंत्रण-वर्ण होऊन येतं आणि इझकंट्रोलच्या मागून सरळ आत जातं. जरी २२ अडवलंत तरी शिफ्ट-इन्सर्ट आहे आणि उजवी क्लिक करून पेस्ट आहे. उजव्या क्लिकचा मेनू कीप्रेसला विचारतही नाही. त्याच मेनूत खाली ‘युनिकोड नियंत्रण वर्ण घाला’ असाही पर्याय असतो. तो कोणी मुद्दाम वापरत नाही, पण घाईत माउस घसरला की रकमेत एक न दिसणारा वर्ण बसतो. बारा हजार पाचशे हा आकडा डोळ्यांना बरोबर दिसत असताना पार्स का होत नाही, म्हणजे संख्या म्हणून का वाचला जात नाही, हे शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

काही जण यावर शॉर्टकट्सएनेबल्ड खोटं करून मोकळे होतात. त्याने शॉर्टकट जातात, उजव्या क्लिकचा मेनूही जातो. पण दिवसभर एक्सेलमधून आकडे आणून टाकणाऱ्या माणसाला पेस्ट बंद केलंत तर तो तुमच्या नावाने जे बोलेल ते इथे लिहिता येणार नाही.

दुसरी खोच इझडिजिटमध्येच आहे. ते मराठी ५ लाही ‘हो, आकडा’ म्हणतं, आणि खरंच म्हणतं, कारण तो आकडाच आहे. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, मराठी शून्याचा २४०६, मराठी नवाचा २४१५. इझडिजिटला ही सगळी बिऱ्हाडं माहीत आहेत. पण पुढे तोच मजकूर डेसिमलच्या पार्सकडे गेला की ते फक्त ४८ ते ५७ एवढंच ओळखतं आणि फॉर्मॅटएक्सेप्शन ही एरर फेकतं. म्हणजे दारावरचा माणूस आत सोडतो आणि आतला माणूस ओळख दाखवत नाही. प्रादेशिक सेटिंग मराठी-भारत केलं तरी फरक पडत नाही. त्या सेटिंगमध्ये नेटिव्हडिजिट्स नावाखाली आपले दहाही आकडे नोंदलेले आहेत, मात्र डॉट नेट (सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात ती व्यवस्था) पार्स करताना त्यांच्याकडे बघतच नाही.

जावात हे वेगळं आहे. तिथे इंटिजरचं पार्सइंट आणि बिगडेसिमल दोघंही मराठी आकडे निमूटपणे घेतात, डबलचं पार्सडबल मात्र नाकारतं. एकाच प्रोग्रामात नगाची चौकट चालते आणि दराची आपटते, अशी तक्रार आली तर आधी इथे बघा.

यावर दोन वाटा आहेत. मराठी आकडे नकोच असतील तर डॉट नेट ७ पासून इझअस्कीडिजिट मिळतं, ते फक्त इंग्रजी आकड्यांना हो म्हणतं. मला ही वाट पटत नाही. मराठी कीबोर्डवर बसलेल्या माणसाने ‘५००’ लिहिलं तर त्यात त्याचं काही चुकलेलं नाही. दुसरी वाट सोपी आहे: प्रत्येक वर्ण गेटडेसिमलडिजिटव्हॅल्यूला विचारायचा. उत्तर शून्य ते नऊ आलं तर त्या जागी इंग्रजी आकडा ठेवायचा, उणे एक आलं तर वर्ण आहे तसा राहू द्यायचा. २४०६ मधून ४८ गेले की उरतात २३५८, तेवढे वजा करूनही मराठीपुरतं काम होतं, पण तयार फंक्शन असताना हाताने वजाबाकी कशाला? रेगेक्स (मजकुराचा नमुना जुळवायची पद्धत) वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, डॉट नेटच्या रेगेक्समधलं आकड्यांचं लघुरूप मराठी आकड्यांनाही जुळतं. म्हणून आधी रूपांतर, मग रेगेक्स. उलटा क्रम लावलात तर दाराशी बसलेला गैरसमज तसाच आत जाईल.

आता ती पाचशेची गोष्ट. पेस्टची तक्रार आल्यावर मी हुशारी केली. मजकूर बदलला की येणाऱ्या टेक्स्टचेंज्ड इव्हेंटमध्ये अख्खा मजकूर घ्यायचा, त्यातले आकडे आणि दशांशाचं टिंब ठेवायचं, बाकी सगळं काढून टाकायचं. छान वाटलं. स्वल्पविराम गेले, रुपयाचं चिन्ह गेलं, शेवटची तिरपी रेघ आणि आडवी रेघ गेली. मग एकाने एक्सेलमधून ‘रु.५००’ पेस्ट केलं. ‘रु’ गेला. टिंब मात्र राहिलं, कारण टिंब तर मी चालू दिलं होतं. उरलं ‘.५००’. म्हणजे अर्धा रुपया. पाचशेच्या ठेवीची पावती पन्नास पैशांची छापून आली. प्रोग्रामने कुठेही एरर दिली नाही, कारण त्याच्या हिशेबाने सगळं बिनचूक होतं.

त्या दिवसापासून एक नियम पाळतो. मधलं काहीही गुपचूप गाळायचं नाही. फक्त टोकांना जे ओळखीचं आहे तेच काढायचं. सुरुवातीला रुपयाचं चिन्ह, ‘रु.’, ‘रू.’ (लोक दोन्ही लिहितात), इंग्रजी ‘आरएस’. शेवटी ‘/-’. दोन्ही टोकांची रिकामी जागा, त्यात वेबपेजवरून येणारी न तुटणारी जागासुद्धा, तिचा क्रमांक १६०. ट्रिम तीही काढतं. एवढं काढून जे उरेल ते पूर्णच्या पूर्ण रक्कम म्हणून वाचता आलं पाहिजे. नाही आलं तर नाही म्हणायचं आणि मजकूर होता तसा ठेवायचा, म्हणजे माणसाला कळतं की आपण नेमकं काय टाकलं होतं.

स्वल्पविरामाचंही बघून घ्या. डॉट नेटचं पार्स स्वल्पविराम चालू दिला की तो कुठे पडलाय हे तपासत नाही. ‘१,२५,०००’ घेतं, ते बरं आहे, आपली लाखाची पद्धत त्यात बसते. पण ‘१२५,५०’ सुद्धा घेतं आणि बारा हजार पाचशे पन्नास करतं. टिंबाच्या शेजारची कळ चुकून दाबली की रक्कम शंभरपट. म्हणून स्वल्पविराम असेल तर शेवटच्या स्वल्पविरामानंतर दशांशापर्यंत बरोबर तीन आकडे आहेत का, आणि त्याआधीच्या मधल्या गटांत दोन-दोन आहेत का, हे मी स्वतः तपासतो. मग स्वल्पविराम काढून ट्रायपार्सला देतो, तेही कल्चर (आकडे-तारखा लिहायची प्रादेशिक पद्धत) इनव्हेरिअंट, म्हणजे कुठल्याच देशाचं नसलेलं, ठेवून. चालू मशीनचं कल्चर वापरलंत तर जर्मनीतल्या भाच्याच्या लॅपटॉपवर ‘१२.५०’चे साडेबाराशे होतील, कारण तिथे टिंब हा हजाराचा स्वल्पविराम आहे.

टेक्स्टचेंज्डमध्ये मजकूर पुन्हा लिहिण्याची ती युक्ती आणखी तीन कारणांनी सोडून द्या. टेक्स्टला नवी किंमत दिली की कर्सर चौकटीच्या सुरुवातीला उडी मारतो. मधला एक आकडा दुरुस्त करणाऱ्याचा पुढचा आकडा भलत्याच ठिकाणी पडतो. सिलेक्शनस्टार्ट आधी जपून मग परत द्यावा, तर वर्ण गाळल्यावर तो एकाने चुकतो. दुसरं, कंट्रोल-झेड मरतं. तिसरं, विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड मिळतो. तो आधी इंग्रजी अक्षरांवरून शब्द जुळवतो आणि मग चौकटीत ठेवतो. जुळणी चालू असताना खालचा मजकूर बदललात तर त्या जुळणीचं काय होईल याचा भरवसा नाही.

मग करायचं काय? टेक्स्टबॉक्सचा वारसा घेऊन आपला एक कंट्रोल करायचा. माझ्याकडे त्या वर्गाचं नाव ‘रक्कमचौकट’च आहे. त्यात तीन गोष्टी आहेत.

ऑनकीप्रेस ओव्हरराइड केलंय, म्हणजे मूळच्या जागी आपलं लिहिलंय, पण तिथली चाळण अगदी ढिली: आकडे (कुठल्याही लिपीतले), टिंब, स्वल्पविराम, नियंत्रण-वर्ण. हा पहारा नाही, नुसती सोय आहे. चुकून अक्षर दाबलं तर उमटू नये एवढ्यापुरती. हा भाग नसला तरी बाकीचं काम चालतं.

पेस्टचा बंदोबस्त विंडप्रॉकमध्ये, म्हणजे विंडोजचे संदेश जिथे येतात त्या मेथडमध्ये आहे. कंट्रोल-व्ही असो, शिफ्ट-इन्सर्ट असो, उजवी क्लिक असो, पेस्ट करायची वेळ आली की खालच्या एडिट कंट्रोलला एकच संदेश जातो: डब्ल्यूएम पेस्ट, क्रमांक ७७०, हेक्समध्ये ३०२. तीन दारं असली तरी उंबरा एकच. विंडप्रॉक ओव्हरराइड करून तो संदेश पकडायचा, क्लिपबोर्डवरचा मजकूर घ्यायचा, वरच्या नियमाने तपासायचा. पटला तर पेस्ट मेथडला तो मजकूर कंसात देऊन बोलवायचं आणि मूळ विंडप्रॉककडे न जाता परतायचं. इथे कंसात मजकूर देणं महत्त्वाचं आहे. मजकूर दिलेलं पेस्ट निवडलेल्या भागाच्या जागी तो ठेवतं आणि अनडू शाबूत राहतं. रिकाम्या कंसांचं पेस्ट म्हणजे पुन्हा तोच डब्ल्यूएम पेस्ट संदेश. तो पुन्हा तुमच्याच विंडप्रॉकमध्ये येतो, तिथून पुन्हा पेस्ट, आणि थोड्या वेळात स्टॅक ओव्हरफ्लो. हे मी करून बसलोय. आणखी एक बारकावा: दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने त्या क्षणी क्लिपबोर्ड धरून ठेवला असेल तर तिथून वाचताना एक्सेप्शन येऊ शकतं. ते पकडा, नाहीतर पेस्टची एक कळ अख्खा फॉर्म पाडेल.

तिसरी गोष्ट, आणि खरा निकाल इथे लागतो: ऑनव्हॅलिडेटिंग. माणूस चौकट सोडून जायला निघाला की अख्खा मजकूर एकदाच वाचायचा. टाइप झाला असेल, पेस्ट झाला असेल, प्रोग्राममधून आला असेल, सगळ्यांना एकच न्याय. वाचता आला तर डेसिमल किंमत ‘मूल्य’ नावाच्या प्रॉपर्टीत ठेवायची आणि चौकटीत तीच रक्कम लाखाच्या स्वल्पविरामांसकट परत दाखवायची. इंग्रजी-भारत कल्चर घेऊन दोन दशांशांचा एन फॉर्मॅट लावला की ‘१,२५,०००.००’ अशी मांडणी तयार मिळते. बाकी प्रोग्रामाने नेहमी ‘मूल्य’ विचारायचं, टेक्स्टला हात लावायचा नाही. परत दाखवण्याचा फायदा असा की ‘पन्नास पैसे’ समजलं गेलं असतं तर ते ०.५० होऊन ताईंच्या डोळ्यांसमोर आलं असतं. पावती छापायच्या आधी.

व्हॅलिडेटिंगची दोन दुखणी मात्र ठाऊक असू द्या. कॅन्सल खरं केलंत की माणूस त्या चौकटीत कोंडला जातो. तो रद्द बटण दाबू शकत नाही आणि कोपऱ्यातल्या फुलीनेसुद्धा फॉर्म बंद होत नाही. रद्द बटणाचं कॉजेसव्हॅलिडेशन खोटं करा. त्याहून बरं म्हणजे फॉर्मचं ऑटोव्हॅलिडेट बदलून ‘फोकस हलू दे’ या पर्यायावर ठेवा आणि चूक एररप्रोव्हायडरच्या लाल ठिपक्याने दाखवा. माणसाला पुढे जाऊ द्या, सेव्हला थांबवा.

दुसरं दुखणं जास्त फसवं आहे. सेव्ह बटण टूलस्ट्रिपवर, म्हणजे बटणांच्या पट्टीवर, असेल तर त्यावर क्लिक केल्याने फोकस चौकटीतून हलतच नाही. फोकस नाही हलला म्हणजे व्हॅलिडेटिंग होत नाही. शेवटच्या चौकटीत टाकलेला आकडा तपासणीविना, बऱ्याचदा जुन्याच ‘मूल्या’निशी, सेव्ह होतो. “शेवटचा आकडा घेत नाही, पण टॅब दाबून मग सेव्ह केलं की घेतो” अशी तक्रार ऐकली की समजा हेच. सेव्हच्या पहिल्या ओळीत व्हॅलिडेटचिल्ड्रन बोलवा आणि उत्तर खोटं आलं तर तिथूनच परता.

मॅक्सलेंथवर, म्हणजे चौकटीत किती वर्ण मावतील त्या मर्यादेवर, थोडं थांबायला हवं, कारण तिथे मराठीचं नुकसान नेहमीचं आहे. काही ठरवलं नाही तर टेक्स्टबॉक्सची मर्यादा ३२७६७ असते. आपण ती डेटाबेसच्या रकान्याएवढी, म्हणजे १५-२० करतो. पण ही मोजणी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नाही, वर्णांची आहे. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष, तीन वर्ण. ‘स्वातंत्र्य’ बोटांवर मोजलं तर तीन अक्षरं, वर्ण मात्र अकरा. दहाची मर्यादा असेल तर ते ‘स्वातंत्र्’ असं लटकत्या हलन्तावर तुटतं. औरंगाबाद आठ वर्णांत बसत होतं. २०२३ मध्ये नाव बदललं आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ला जागेसकट सतरा वर्ण लागायला लागले. पंधराच्या रकान्यात ते ‘छत्रपती संभाजीन’ होऊन बसलं. मर्यादा इंग्रजी स्पेलिंगवरून ठरवू नका, सढळ हाताने ठेवा. आणि प्रोग्राममधून टेक्स्टला दिलेल्या मजकुराला मॅक्सलेंथ आडवी येत नाही, तिथली लांबी आपणच मोजायची. डेटाबेस बाइटमध्ये मोजत असेल आणि साठवण युटीएफ-८ असेल तर प्रत्येक देवनागरी वर्णाला तीन बाइट धरा.

कीबोर्डची भाषा हा विषय वेगळा, पण तक्रार याच नावाने येते. नाव मराठीत टाइप करून माणूस खाते क्रमांकाच्या चौकटीत येतो, भाषा बदलायला विसरतो आणि तिथे देवनागरी उमटते. बारकोड स्कॅनरही तसाच. तो स्वतःला कीबोर्ड म्हणवतो आणि कळा पाठवतो. मराठी लेआउट चालू असेल तर कोडमधल्या इंग्रजी अक्षरांचा भलताच काला होतो. लोक स्कॅनर बदलून घेतात. बिचाऱ्या स्कॅनरचा काही दोष नसतो. चौकटीच्या एंटर इव्हेंटमध्ये इनपुटलँग्वेजची चालू भाषा लक्षात ठेवून इंग्रजी लावा, लीव्हमध्ये आधीची परत द्या. गावाच्या चौकटीला उलट, आत येताच मराठी लावा. इंग्रजी किंवा मराठी त्या मशीनवर बसवलेली आहे का ते इन्स्टॉल्डइनपुटलँग्वेजेसमध्ये आधी पाहा, आणि नसेल तर गप्प बसा, एक्सेप्शन फेकू नका. आयएमईमोड नावाची प्रॉपर्टी बघून हुरळू नका, ती चिनी-जपानी-कोरियनसाठी आहे. ताईंना हा बदल सगळ्यात जास्त आवडला. बाकी सगळं केलेलं त्यांना दिसलंही नाही.

अक्षरांची डोकी किंवा उकार कापले जात असतील तर तो तपासणीचा नाही, फॉन्टचा प्रश्न. एका ओळीच्या टेक्स्टबॉक्सची उंची त्याच्या फॉन्टवरून ठरते. जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये तो फॉन्ट मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ, सव्वाआठ पॉइंट. त्यात देवनागरी नाही, म्हणून विंडोज दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं आणतं आणि ती त्या उंचीत मावत नाहीत. फॉन्ट निर्मला यूआय करा, अकरा पॉइंट. ऑनपेंट ओव्हरराइड करून रंगवायच्या मागे लागू नका. टेक्स्टबॉक्सचं चित्र खालचा एडिट कंट्रोल काढतो, तुमचं ऑनपेंट आपसूक बोलावलंच जात नाही. वेगळी किनार हवी असेल तर टेक्स्टबॉक्सची किनार काढून तो एका पॅनेलमध्ये ठेवा आणि पॅनेल रंगवा.

एवढं सगळं झाल्यावर परवा ताईंचा फोन आला. “दादा, वकीलसाहेब सापडत नाहीत.” खातं होतं, नाव दिसत होतं, शोधलं की मिळत नव्हतं. ‘ॲड.’मधला ॲ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक अखंड वर्ण आहे, क्रमांक २४१८, तो युनिकोडमध्ये २००८ साली आला. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा अ आणि त्यावर वेगळा चंद्र. दिसायला दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे. नॉर्मलाइझ (समान मानलेली रूपं एकसारखी करणारं फंक्शन) बोलावून हे जुळत नाही, कारण युनिकोडने त्या दोघांना समान मानलेलंच नाही. ‘ऱ’चं तसं नाही, र आणि खालचा नुक्ता अशी जोडी नॉर्मलाइझ केली की ‘ऱ’ होते. त्यामुळे नावाच्या चौकटीच्या ऑनव्हॅलिडेटेडमध्ये आधी नॉर्मलाइझ, मग अ आणि चंद्र या जोडीच्या जागी अखंड ॲ, असं दोन ओळींचं काम मी घातलंय. शोधाच्या चौकटीतही तेच. जुन्या नोंदींसाठी एक अपडेट क्वेरी एकदाच चालवावी लागते. ती दुपारी काउंटर चालू असताना नाही, संध्याकाळी दिवस बंद झाल्यावर, बॅकअप घेऊन.